रातांबा पंचवीस दिवसांचा, विक्री बारा महिन्यांची

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ठाण्यातली नोकरी सोडून तुम्ही कणकवलीजवळच्या गावी परत आलात. आईच्या बचत गटात १२ जणी आहेत. तुमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून चाळीसेक घरांच्या परड्यात, बांधावर रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. व्यापारी सोलं (खारवून वाळवलेली साल, म्हणजे आमसुलं) पडत्या भावात नेतो आणि बरीचशी फळं झाडाखालीच कुजतात. हाताशी ३ लाख रुपये आहेत. आणि विचारलंत ते असं: गर काढायचं यंत्र कुठलं घेऊ, कोकम सरबताची ऑनलाइन विक्री कशी सुरू करू, आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आम्हाला जास्त दर मिळेल का?

कुडाळ-वेंगुर्ले भागातल्या बचत गटांबरोबर मी सतरा वर्षं हेच काम करते आहे: कोकम, थोडं जांभूळ, करवंद, फणस. म्हणून जरा सविस्तर लिहिते. यंत्राचं उत्तर मात्र शेवटी देईन, कारण माझ्या मते तुमची अडचण यंत्राची नाही.

रातांबा पिकायला लागतो एप्रिलमध्ये, पण खरा भर मे महिन्यात असतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की खेळ संपला. भिजलेलं फळ टिकत नाही, सोलं वाळत नाहीत, बुरशी धरते. वळीव लवकर आला तर तेवढे दिवसही मिळत नाहीत. म्हणजे खरेदी, फळं फोडणं, वाळवण सगळं पंचवीस-तीस दिवसांत उरकायचं. विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी होणार. ज्याच्या झाडाखालून फळ येतं, त्याला पैसे मे महिन्यातच हवे असतात. जूनमध्ये शाळा उघडतात, भाताचं बियाणं आणायचं असतं, घर शाकारायचं राहिलेलं असतं. व्यापारी पडत्या भावात नेतो हे खरं, पण तो रोख देतो आणि दारात येऊन देतो. त्याची ताकद तेवढीच आहे. तुम्ही किलोमागे पाच रुपये जास्त देऊ केलेत, पण गणपतीनंतर देतो म्हणालात, तर पुढच्या वर्षी फळ परत त्याच्याकडेच जाईल.

आमच्या पहिल्या बैठकीत मी तासभर मूल्यवर्धनाबद्दल बोलले. शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी एवढंच विचारलं, “पैशे कधी गावतले, ता आदी सांग.” त्यानंतरची माझी सगळी कामं त्या प्रश्नाभोवती फिरली आहेत.

तेव्हा तुमचा प्रश्न मी असा मांडेन: मे महिन्यात फळाचे पैसे त्याच दिवशी चुकते करून, माल पुढचे बारा महिने न बिघडता धरून ठेवायचा कसा आणि तो सावकाश विकायचा कोणाला?

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. झाडं किती, त्यात फळ देणारी मादी झाडं किती, फळ किती लाल उतरतं, वाळवायला सपाट कातळ किंवा खळं आहे का, मे महिन्यात वीज आणि पाणी कितपत भरवशाचं, आणि गटातल्या बायकांना त्याच दिवसांत आंबा-काजूच्या कामावर मजुरी मिळते का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. काजूच्या कारखान्यात मजुरी मिळत असेल तर तुमच्याकडे फळं फोडायला येण्याची मजुरी त्याहून कमी असून चालणार नाही.

आता पैशांचा हिशेब. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा हंगामात ३,००० किलो फळ घेतलंत, किलोला २६ रुपये दराने. फळाचे झाले ७८,००० रुपये. हे सगळं सरबतात घालायचं ठरवलंत. फळात साल साधारण निम्मी भरते, म्हणजे १,५०० किलो साल. अमृत कोकमाला, म्हणजे या सरबताला, एक किलो सालीला दोन किलो साखर लागते, म्हणजे ३,००० किलो साखर. ४२ रुपयांनी १,२६,००० रुपये. त्यातून ७५० मिलिलिटरच्या साधारण ४,००० बाटल्या होतील. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून २२ रुपये धरले तर आणखी ८८,०००. एकूण २,९२,००० रुपये. अजून मजुरी द्यायची आहे, यंत्र तर घेतलेलंच नाही, आणि तुमचे ३ लाख संपले. एकही बाटली विकली गेलेली नाही आणि बाहेर पाऊस लागला आहे.

यात सगळ्यात जास्त पैसा कशात अडकला ते बघा. फळात नाही, साखरेत. त्याच्या खालोखाल बाटल्यांत. म्हणून सगळ्या फळाचं सरबत करायचं हा विचार सोडा. सरबत दिसायला देखणं असतं, प्रदर्शनात हातोहात जातं, त्यामुळे प्रत्येक नवा गट तिथूनच सुरुवात करतो. माझ्या पाहण्यातले जे गट पाचव्या वर्षीही उभे राहिले, ते फळाची वाटणी करणारे होते: थोडी सोलं, बरंचसं आगळ, विकत घेणारा नक्की असेल तेवढंच सरबत, आणि बिया वेगळ्या.

आगळावर माझा भर का, ते सांगते. फोडलेल्या फळाला वजनाच्या साधारण १६ टक्के मीठ लावून सुटलेला रस म्हणजे आगळ. मीठ स्वस्त, साखरेच्या मानाने काहीच नाही. फळ मुळातच इतकं आंबट आणि त्यात एवढं मीठ, त्यामुळे स्वच्छता पाळली तर वेगळं परिरक्षक न घालता ते वर्षभर राहतं. आणि ते बाटलीत भरायची घाई नाही. खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या झाकणबंद ड्रममध्ये, अंधाऱ्या थंड खोलीत ठेवा, मागणी येईल तशा पाच लिटरच्या कॅन भरा. गिऱ्हाईक आहे सोलकढी करणारी खानावळ. मालवणी जेवण देणारी हॉटेलं आता मालवण-कुडाळपुरती राहिलेली नाहीत. पुण्यात, ठाण्यात, दादरला, कोल्हापुरात आहेत, आणि त्यांना सोलकढी बारा महिने लागते. त्यांना देखणं लेबल नको असतं. दर वेळी रंग तोच, खारटपणा तोच आणि सांगितलेल्या दिवशी माल, एवढंच हवं असतं. अशी चार हॉटेलं बांधलीत तर तुमच्या फळाच्या पैशांचा मोठा भाग दिवाळीपर्यंत परत येतो.

एक काळजी मात्र कटाक्षाने घ्या. आगळ असो की सरबत, ॲल्युमिनियमचं पातेलं, लोखंडी कढई, कल्हई गेलेलं पितळ काही वापरायचं नाही. कोकमाचं आम्ल धातू खातं. स्टेनलेस स्टील, चिनी मातीची बरणी, काच किंवा खाद्यपदार्थांचं प्लास्टिक एवढंच. रंगाचे किंवा औषधांचे जुने ड्रम धुऊन वापरणारेही मी पाहिले आहेत. तसलं काही गटात होऊ देऊ नका.

सोलांबद्दल तुमच्या आईला माझ्याहून जास्त माहिती असेल. साल वेगळी करायची, गराच्या रसात मीठ विरघळवून त्यात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची. अशी चार-पाच पुटं. व्यापार कुठे बिघडतो एवढंच मी सांगते. मीठ आणि ओल, दोन्ही वजन वाढवतात. बाजारातलं स्वस्त सोल हातात घेऊन बघा, वर मिठाचे कण दिसतील आणि आत ओलसर लागेल. तुमचं सोल कोरडं, कमी मिठाचं असेल तर किलोच्या भावात ते महागच दिसणार. व्यापारी ते जास्त भावाने घेत नाही, कारण त्याचं दुकान वजनावर चालतं. म्हणून चांगलं सोल व्यापाऱ्याला देऊच नका. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात, थेट घरच्या स्वयंपाकघरात जायला हवं. आमटीत दोन सोलं टाकली की गृहिणीला फरक कळतो आणि ती परत मागवते. सोल हलकं, न फुटणारं, टपालाने जाणारं. तुम्हाला ऑनलाइन विकायचं आहे ना, तर हेच विका. सरबताची काचेची बाटली कुरिअरने पाठवायची तर वजनाचं भाडं आणि फुटतूट मिळून नफा रस्त्यातच सांडतो.

पाकीट मात्र दमट हवा आत न येणारं हवं. आपल्याकडच्या आषाढात मीठ पाणी ओढतं, सोलं सुटतात, पाकिटात रस जमतो. पाऊस पडायच्या आत घट्ट डब्यांत भरा आणि त्यातूनच पाकिटं करत जा.

आता सरबत. ते करायचंच आहे, फक्त मापात. इथे माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही पुण्यातल्या एका दुकानाला सात खोकी दिली. चव उत्तम होती. तीन आठवड्यांनी फोन आला की झाकणं उडताहेत. सरबत आंबलं होतं. कारण साधं होतं. त्या वर्षी फळ वळवात भिजलेलं, सालीत पाणी जास्त, आणि आम्ही नेहमीच्याच मापाने साखर घातलेली. त्यामुळे पाक पातळ राहिला. एकूण विद्राव्य घटक, ज्याला ब्रिक्स म्हणतात, ते ६५ च्या खाली गेले की यीस्टला वाव मिळतो. आम्ही अंदाजाने, बोटाला लावून बघत होतो. सातही खोकी परत घेतली, पैसे दिले, वर बारा जणींची महिन्याची मेहनत ओतून टाकली. त्या दिवसापासून रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण आमच्या गटात आहे. दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. प्रत्येक ड्रमचा आकडा, तारीख आणि मोजणाऱ्या बाईची सही वहीत जाते. आम्ही ६८ च्या खाली बाटली भरत नाही.

रंगाचंही बोलून घेते. कोकमाचा तो लाल-जांभळा रंग नैसर्गिक आहे, त्यामुळे उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. पारदर्शक बाटली दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी झाक येते. गिऱ्हाईक म्हणतं, जुनं आहे. मग गटातली कोणीतरी सुचवते, चिमूटभर रंग घालूया. घालू नका. त्याऐवजी लाल पिकलेलंच फळ घ्या, हिरवट फळ वजनकाट्यावरच बाजूला काढा, माल अंधारात ठेवा आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की उन्हात मांडू नका. लेबलवरही ‘रंग घातलेला नाही, काळानुसार गडद होतो’ असं सरळ लिहा. लोक समजून घेतात.

साखरेतून काढलेल्या साली फेकायच्या नाहीत. त्या वाळवल्या की आंबटगोड खाऊ होतो, मुलं आवडीने खातात. आणि बिया. फळं फोडायच्या जागी त्यांचा ढीग पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. त्याच दिवशी धुऊन, कडकडीत वाळवून पोत्यात भरल्या तर त्यातून मुठेल निघतं. आपल्या आज्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून थंड झाल्यावर मुठीत वळायच्या, म्हणून ते मुठेल. टाचांच्या भेगांना लावायला घरोघरी असायचं. हाच पदार्थ आज कोकम बटर म्हणून साबण आणि मलम बनवणारे विकत घेतात. पहिल्या वर्षी तेल काढायच्या भानगडीत पडू नका. नीट वाळवलेल्या बिया जवळच्या तेल काढणाऱ्याला द्या. तेवढ्यात पोती, सुतळी आणि थोडी मजुरी सुटते.

दर कसा ठरवायचा, यावर गटांची सर्वांत जास्त भांडणं होतात. खर्च जोडत जाऊन वर नफा लावायचा ही पद्धत मी सोडली. मी उलट्या दिशेने हिशेब करते. गिऱ्हाईक दुकानात किती देतं ते आधी बघते. समजा सरबताची बाटली १५० रुपयांना खपते. दुकानदाराचे २५ टक्के, म्हणजे सुमारे ३८ गेले, उरले ११२. वाहतूक आणि फुटतूट १५, उरले ९७. बाटली-लेबल-खोका २२, उरले ७५. साखर ३२, उरले ४३. मजुरी, वीज, भाडं १५, उरले २८. खराब माल, व्याज आणि पुढच्या वर्षीच्या खरेदीसाठी ८ बाजूला, उरले २०. एका बाटलीला पाऊण किलो फळ लागतं. म्हणजे फळाला किलोमागे २६-२७ रुपयांहून जास्त देणं या बाटलीला परवडत नाही. करही यातूनच जायचा, त्यामुळे लेखापालाला विचारून तो आधी वजा करा.

हा कागद मी बैठकीत सगळ्यांसमोर मांडते, शेतकऱ्यांसमोरसुद्धा. १५० ची बाटली बघून ‘आमका फक्त सव्वीस?’ असं वाटणं साहजिक आहे. पण सगळे आकडे समोर मांडले की लोकच सुचवतात: दुकानाऐवजी थेट विकली तर ते ३८ कोणाचे? तिथून खरी चर्चा सुरू होते. आमच्याकडे थेट विक्रीतला हा फरक विक्रीचं वर्ष संपत आलं की बोनस म्हणून फळ देणाऱ्यांना वजनाप्रमाणे वाटतो. मे महिन्यात रोख दर आणि शिमग्याच्या आधी बोनस. व्यापारी दुसरी गोष्ट देऊ शकत नाही. फळ देणारी घरं गटाबरोबर टिकून राहतात ती त्या बोनसमुळे.

थेट विक्रीसाठी फार लांब जायची गरज नाही. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी स्वतः तुमच्या दारात येतो. परत जाताना त्याला सोलं, आगळ, कुळथाचं पीठ न्यायचंच असतं. वाडीत प्रत्येक घरी किती पाहुणे येणार ते तुमच्या आईला तोंडपाठ असेल. गणपतीच्या पाच दिवसांत वाडीच्या नाक्यावर टेबल मांडा, कुरिअर नाही, दलाल नाही, पैसे हातात. त्याच गिऱ्हाइकाचा फोन नंबर वहीत घ्या आणि मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर विचारा की यंदा किती लागेल. त्यांच्या सोसायटीत अशी वीस घरं जमली की एकच पार्सल जातं. मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी यांसारख्या प्रदर्शनांत ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) मार्फत जागा मिळाली तर जरूर जा. पण तिथली विक्री एकदाची असते हे लक्षात ठेवा. तिथून विक्रीपेक्षा हॉटेलवाल्यांचे आणि दुकानदारांचे पत्ते घेऊन या.

‘पर्यावरणपूरक’ म्हणून जास्त दर मिळेल का, याचं प्रामाणिक उत्तर: त्या शब्दाला मिळत नाही. चवीला मिळतो, भरवशाला मिळतो, आणि तुमची गोष्ट खरी असेल तर ती ऐकून गिऱ्हाईक टिकतं. परड्यातल्या रातांब्यावर बहुधा कोणी फवारणी करत नाही, तरी लेबलवर ‘सेंद्रिय’ छापण्याआधी प्रमाणीकरण हवं. गटाला परवडणारी वाट म्हणजे पीजीएस-इंडियाची सहभागी हमी पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करून हमी द्यायची. तिची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करा. ‘वजन घटवते’, ‘पित्त बरं करते’ असलं काही छापू नका. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं हे खरं, पण तेवढ्यावरून बाटलीवर औषधी दावा करता येत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तेही आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती नोंद गटाने जरूर करावी, कारण बाहेरचं कोकम कोकणच्या नावाने विकलं जातं, आणि नोंद असली तर तुम्हाला त्याला उत्तर देता येतं.

माझ्यासाठी मात्र हा विषय लेबलचा नाही. रातांब्याला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तो सावलीत, बांधावर, ओढ्याकाठी उभा असतो. दर मिळेनासा झाला की तो सरपणाला तुटतो. गेल्या काही वर्षांत काजूसाठी डोंगर साफ करताना किती झाडं गेली ते तुमच्याकडचे लोकही सांगतील. फळाला पैसे मिळाले तर झाड राहतं, याहून सरळ संवर्धन मला माहीत नाही. त्याला तुम्ही तीन गोष्टींची जोड द्या. फळासाठी फांद्या झोडपायच्या नाहीत, पिकेल तसे तीन-चार तोडे करायचे. उकळण्या-वाळवण्यासाठी लाकूड जाळायचं नाही, सौर वाळवणीघर वापरायचं. आणि दर वर्षी थोडी कलमं लावायची. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावलेल्यात निम्मी नर निघू शकतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून मादी झाडाचं मृदुकाष्ठ कलमच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती आहेत. अमृता लवकर तयार होते, पावसाच्या आधी काढणी उरकते, त्यामुळे मी तीच सुचवते. पण असलेले सगळे नर तोडू नका, परागीकरणाला थोडे लागतातच.

इथवरचं थोडक्यात: फळाचे पैसे त्याच दिवशी, भांडवल साखरेत न अडकवता मिठात आणि उन्हात टिकवलेला माल, आगळ हॉटेलला, सोलं घरोघरी, सरबत मोजून-मापून, आणि हिशेब सगळ्यांसमोर उघडा.

परवान्यांचं फार लांबवत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्या बाटलीच्या आधी करा, लहान गटाला मूलभूत नोंदणी पुरते. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर येतो. त्याशिवाय घटक, निव्वळ माप, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस चांगलं राहील, गटाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि हिरवा ठिपका. बॅच क्रमांक मनापासून घाला. आमची सात खोकी नेमकी कुठल्या ड्रमची, ते आम्हाला तेव्हा सांगता आलं नव्हतं.

अनुदानाचं विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान, आणि बचत गटातल्या प्रक्रियेचं काम करणाऱ्या सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद केलेली होती. सध्याची मुदत आणि निकष तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. यातलं बीज भांडवल तुमच्या जास्त कामाचं, कारण ते खेळत्या भांडवलाला वापरता येतं. अनुदान मिळतंय म्हणून मोठं यंत्र घेऊ नका. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो आणि यंत्र अकरा महिने झाकून ठेवलेलं असतं.

तर तुमचं यंत्र. पहिल्या हंगामात गर काढायचं यंत्र घेऊ नका. बारा जणी विळीवर आणि सुरीने दिवसाला पुरेसं फळ फोडतात. त्याऐवजी प्रमाणित वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर, स्टीलची मोठी पातेली, ड्रम, वाळवणासाठी जाळीच्या चौकटी आणि सौर वाळवणीघर घ्या, आणि उरलेली रक्कम मे महिन्याच्या रोख खरेदीला राखून ठेवा. ३ लाखांतले निदान निम्मे तरी हातात रोख असावेत असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी ३,००० किलोच्या मागे लागू नका, हजार-बाराशे किलो पुरे. तेवढ्यात चुका होतील त्या परवडतील. प्रशिक्षणासाठी किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे. गटातल्या दोघींना पाठवा, एकीलाच नको. एक लग्नाला किंवा मुंबईला गेली की काम अडतं.

जांभूळ, करवंद, फणस याच वर्षी घ्यावेत का, असंही तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. नको. काजूचं बोंडू तर एका दिवसात उतरतं, त्याच्या वाटेला जाऊच नका. कोकमाचा एक हंगाम पूर्ण बघा, म्हणजे फळ घेण्यापासून बोनस वाटण्यापर्यंत. मग करवंद आपसूक येईल, तेच ड्रम, त्याच बायका.

आता लगेच करायचं काम. थंडीत रातांबा फुलावर असतो. एक वही घेऊन चाळीसही घरी फिरा आणि प्रत्येक झाडापुढे लिहा: नर की मादी, गेल्या वर्षी अंदाजे किती पाट्या फळ, आणि झाड यंदा आधीच कोणाला करारावर दिलंय का. काही घरांनी उचल घेऊन फूल असतानाच झाडं दिलेली असतील. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना पैसे त्या महिन्यात हवे होते. पुढच्या वर्षी ती उचल गट देऊ शकेल का, ते तेव्हा बघता येईल. आणि एप्रिलमध्ये पहिलं फळ लाल झालं की दहा किलो नीट मोजून फोडा. साल, रस आणि बिया वेगवेगळ्या तोला आणि ते तीन आकडे मला इथेच कळवा. त्यावरून ड्रम किती घ्यायचे ते आपण ठरवू.